पापण्यांपासून सुरू झालेलं एक प्रकरण: मिथाइलआयसोथायाझोलिनोनची ॲलर्जी

हे प्रकरण माझ्या मोठ्या बहिणीचं आहे. तिला विचारूनच लिहितेय, नाव मुद्दाम टाकत नाही, खाली सगळीकडे ताईच म्हणते. वय चाळिशीच्या पुढचं, काम ऑफिसातलं, घरात भावोजी आणि शाळेत जाणारी मुलगी. दमा नाही, धुळीचा त्रास नाही, लहानपणी खोटे कानातले घातले की कान चिघळायचे, बस तेवढंच. इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण असं की असा त्रास असलेल्या माणसाला भेटेल तो सांगतो, केमिकल बंद कर सगळं, नैसर्गिक वापर. ताईने ते ऐकलं आणि त्याने तिचा त्रास वाढला, अगदी कातडीवर दिसेल असा वाढला. तिला उपयोग झाला तो एका पदार्थाचं नाव कळल्याचा, वर शीर्षकात आहे तेच, एक प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे बाटलीतल्या वस्तूत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात तो पदार्थ. ते नाव कळेपर्यंत काय काय झालं आणि कळल्यावर घरात काय बदललं, ते सांगते.

त्रास कसा दिसत होता

सुरुवात पापण्यांपासून. सकाळी उठलं की वरच्या पापण्या लाल आणि सुजलेल्या, दुपारपर्यंत सूज उतरायची आणि मग कातडी कोरडी पडून सालं निघायची. खाज इतकी की झोपेत चोळायची आणि सकाळी अजून वाईट. पुढे कानामागे आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टे आले, मग बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ, त्यातून पाणी, मग भेगा. चेहऱ्याचा मधला भाग, म्हणजे नाक आणि वरचा ओठ, मात्र स्वच्छ.

ही जागांची यादी नीट सांगतेय कारण पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवला. कानामागे आणि मानेच्या कडांना येणारा पट्टा बघितला की त्यांना आधी शॅम्पू आठवतो, कारण डोकं धुताना फेस तिथूनच खाली उतरतो. पापणीचं तर विचारूच नका, अंगावरची सगळ्यात पातळ कातडी तिथली, त्यामुळे हाताला लागलेली वस्तू हातावर काहीच करत नाही आणि तोच हात डोळ्याला लागला की पापणी सुजते. नेलपॉलिशची ॲलर्जी असलेल्या कितीतरी बायकांची नखं आणि बोटं ठणठणीत असतात आणि त्रास असतो पापण्यांना, हे त्यांच्याकडे नेहमीचं आहे.

पण हे सगळं नंतर. आधी झालं ते असं की पहिल्यांदा डोळ्यांची ॲलर्जी म्हणून थेंब मिळाले, मग ॲलर्जीच्या गोळ्या, मग एका ठिकाणी रक्त तपासून आयजीई, म्हणजे झटकन उठणाऱ्या ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड, बघितलं ते नॉर्मल आलं, त्यावरून तुम्हाला ॲलर्जी नाहीच असं सांगून मोकळे झाले. मग स्टेरॉइडची क्रीम. क्रीमने चार दिवसांत चेहरा मोकळा व्हायचा, बंद केली की आठवड्याभरात परत तेच. पापणीवर स्टेरॉइड असं लावत राहणं धोक्याचं आहे, कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, आणि मुख्य म्हणजे मूळ वस्तू रोज अंगाला लागतच असेल तर क्रीम तरी किती पुरी पडणार.

सगळं फेकून दिलं तेव्हा

मग ताईने स्वतःच ठरवलं की केमिकलच नको. जुनं सामान बाहेर. त्या जागी पॅराबेन-फ्री, सल्फेट-फ्री, हर्बल असं लिहिलेलं सगळं आलं, चेहऱ्याला लव्हेंडरचं तेल, हाताच्या भेगांना टी ट्री ऑइल, बाहेर साबण नको म्हणून पर्समध्ये सेन्सिटिव्ह स्किनचे ओले वाइप्स. महिन्याभरात मान आणि हात दोन्ही पहिल्यापेक्षा वाईट झाले.

का, ते आता कळतं. लव्हेंडरच्या तेलात लिनालूल हा सुगंधी पदार्थ भरपूर असतो, बाटली उघडल्यावर हवा लागून त्याचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ते चांगलेच ॲलर्जी करणारे आहेत. संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनचंही तेच. टी ट्री ऑइल तर जुनं झालं की जास्तच त्रास देतं. झाडातून आलं म्हणून कातडी ते ओळखत नाही असं काही नसतं, कातडीला रेणू दिसतो, तो कुठून आला ते दिसत नाही.

पॅराबेनचं मला सगळ्यात वाईट वाटतं. संपर्कातून होणाऱ्या ॲलर्जीच्या बाबतीत पॅराबेन हे सगळ्यात कमी त्रास देणाऱ्या प्रिझर्व्हेटिव्हमध्ये मोडतात, इतके की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटी दर वर्षी एक 'ॲलर्जन ऑफ द इयर' जाहीर करते, त्यांनी २०१९ साली मुद्दाम पॅराबेनना 'नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर' म्हटलं. पण लोक पॅराबेनला घाबरले म्हणून कंपन्यांनी ते काढले, आणि पाणी असलेल्या वस्तूत जंतू वाढू नयेत म्हणून काहीतरी घालावं तर लागतंच, ते जे घातलं त्यात ताईला नडलेली वस्तू होती. हर्बल शॅम्पूत होती, वाइप्समध्येही होती. ती ज्या वस्तूपासून पळत होती तिने तिला काहीच केलं नव्हतं आणि जिच्याकडे पळत गेली तीच नेमकी नडत होती, हे वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

'हायपोॲलर्जेनिक', म्हणजे ॲलर्जी होण्याची शक्यता कमी, या शब्दावरही तिचा फार विश्वास होता, म्हणून इथेच सांगून टाकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-प्रसाधनांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, १९७५ मध्ये नियम केला होता की हा शब्द लिहायचा तर आधी चाचणी करून दाखवा. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायद्याची व्याख्याच नाही, कंपनीला वाटेल तो अर्थ. 'अनसेंटेड'सुद्धा फसवं आहे, वास येऊ नये म्हणून वास झाकणारं सुगंधी द्रव्य त्यात असू शकतं. शोधायचंच तर 'फ्रॅग्रन्स-फ्री' शोधायचं, आणि तेही मागची यादी वाचून.

उशिरा येणारी ॲलर्जी

ताईने वही ठेवली होती, आज काय लावलं, आज त्रास झाला का. प्रामाणिकपणे लिहायची बिचारी, पण त्या वहीतून काहीच हाती लागलं नाही आणि लागणारही नव्हतं.

कारण असं आहे. शेंगदाणा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले ही वेगळी ॲलर्जी, ती आयजीईची, ती रक्तात दिसते, हिस्टामीनवरच्या गोळ्यांनी तिला आराम पडतो. कातडीला वस्तू लागून होणारी ही ॲलर्जी टी पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची. अगदी छोटा रेणू, साधारण ५०० डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं माप) आतला, कातडीत शिरतो, तिथल्या प्रोटीनला चिकटतो, कातडीतल्या पहारेकरी पेशी त्याला जवळच्या लिम्फ नोडमध्ये घेऊन जातात आणि तिथे त्याला ओळखणाऱ्या टी पेशींची फौज तयार होते. हे पहिल्यांदा होतं तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. त्यानंतर तो रेणू परत लागला की एक ते तीन दिवसांनी पुरळ येतं. म्हणजे सोमवारी लागलं, बुधवारी खाज, आणि ताई वहीत बुधवारचं नाव लिहिणार.

दुसरं, सगळे म्हणायचे अगं हा शॅम्पू तू कित्येक वर्षं वापरतेस, त्याने कसं होईल. होतं ना, वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीच होते, शरीराने ती कधी ओळखायला शिकायची हे सांगता येत नाही. शिवाय बाटली तीच, नाव तेच, आतला फॉर्म्युला कंपनीने कधी बदलला ते पुढच्या लेबलवर कोण सांगतंय.

आणि तिसरं, सगळाच त्रास ॲलर्जीचा नसतो. कातडीला वस्तू लागून होणाऱ्या त्रासात मोठा वाटा नुसत्या चुरचुरण्याचा, म्हणजे साबणाने, पाण्याने, वारंवार धुण्याने कातडीचा वरचा थर खराब होण्याचा. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो, कातडीचा ५ च्या आसपास. ताईच्या हाताचं दोन्ही एकत्र होतं, धुऊन धुऊन थर फाटलेला आणि त्या फटीतून ॲलर्जीची वस्तू आत. नुसतं बघून हे वेगळं करणं अनुभवी डॉक्टरलाही जमत नाही, त्याला पॅच टेस्टच लागते.

पॅच टेस्ट

ही चाचणी आजची नाही, योझेफ याडासोन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ मध्ये ती मांडली आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. पाठीवर छोट्या छोट्या वाट्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक वाटीत एक पदार्थ ठरलेल्या प्रमाणात. दोन दिवस पट्ट्या तशाच ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. ४८ तासांनी पट्ट्या काढून पहिलं रीडिंग, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरं, आणि काही पदार्थांसाठी सातव्या दिवशीही बघतात. दुसरं रीडिंग चुकवलं तर अर्धी चाचणी वाया, कारण खरी ॲलर्जी चढत जाते आणि नुसतं चुरचुरणं बहुतेक वेळा उतरत जातं. पाठीवर स्टेरॉइड क्रीम लावलेली नसावी, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं, पाठ उन्हात रापलेली नसावी, नाहीतर असलेली ॲलर्जी दिसत नाही.

ताईला डॉक्टरांनी घरातल्या वस्तूही आणायला सांगितल्या होत्या, बाटल्यांसकट. अंगावर ठेवायची क्रीम थेट लावून बघता येते, पण भांड्यांचं लिक्विड किंवा फरशीचं क्लीनर कुणी घरी स्वतः पाठीला चिकटवून बघू नये, भाजल्यासारखी जखम होते आणि त्यातून कळत काहीच नाही.

निकाल असा आला:
मिथाइलआयसोथायाझोलिनोन, तीन प्लस (प्लस जितके जास्त तितकी ॲलर्जी जोरदार). लालसर फुगवटा आणि त्यावर एकमेकांत मिसळलेले फोड, शंकेला जागाच नाही.
त्याच्याच भावंडाबरोबरचं मिश्रण, म्हणजे मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन अधिक मिथाइलआयसोथायाझोलिनोन, दोन प्लस.
'फ्रॅग्रन्स मिक्स एक' नावाचं सुगंधी पदार्थांचं मिश्रण, एक प्लस, तेही हलकं.
निकेल, दोन प्लस.
पॅराबेन, निगेटिव्ह. केसांच्या डायमधलं पीपीडी, निगेटिव्ह. लॅनोलिन, फॉर्माल्डिहाइड, निगेटिव्ह.

निकेल बघून ताई घाबरली, पण डॉक्टरांनी समजावलं की पाठीवर उमटलं म्हणजे आजचा त्रास त्याचाच असं होत नाही. निकेलचं उत्तर लहानपणच्या कानातल्यांत होतं, पापण्यांशी त्याचा संबंध लागत नव्हता. पॉझिटिव्ह आलेली प्रत्येक गोष्ट रोजच्या आयुष्यात कुठे लागते हे शोधणं हा चाचणीचाच भाग आहे, आणि घाईत नेमका तोच राहतो. माणूस नावांची यादी घेऊन घरी येतो आणि सगळ्यालाच घाबरायला लागतो.

हा पदार्थ आला कुठून

मिथाइलआयसोथायाझोलिनोन, पुढे नुसतं एमआय म्हणते, हे पाण्याच्या वस्तूंमध्ये बुरशी आणि जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. १९८० च्या दशकापासून ते क्लोरो भावंडाबरोबर ३ ला १ अशा मिश्रणात वापरात होतं, त्यात क्लोरोचा भाग मोठा, आणि त्या मिश्रणाने ॲलर्जी होते हे लवकरच कळलं म्हणून प्रमाण अगदी खाली आणलं. मग असं मानलं गेलं की दोघांमधलं एमआय कमी त्रासाचं आहे, आणि युरोपात २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांत ते एकटं १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग, चालेल असं ठरलं. जुन्या मिश्रणात जेवढं असायचं त्याच्या कितीतरी पट. त्यानंतरच्या काही वर्षांत युरोपातल्या त्वचेच्या दवाखान्यांत याचे पेशंट इतके वाढले की डॉक्टर उघडपणे साथ म्हणायला लागले. २०१३ मध्ये ते 'ॲलर्जन ऑफ द इयर' झालं. २०१४ मध्ये अमेरिकेतून सहा लहान मुलांची नोंद आली, तोंडाभोवती आणि ढुंगणावर हटता न हटणारं पुरळ, कारण ओले वाइप्स. २०१७ पासून युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत एमआयवर बंदी आली आणि २०१८ पासून धुऊन टाकायच्या वस्तूंत १५ पीपीएमची मर्यादा.

हे वाचून वाटेल की प्रश्न सुटला. पण हे नियम प्रसाधनांचे. भांड्यांचं लिक्विड, कपड्यांचं लिक्विड, फॅब्रिक सॉफ्टनर, फरशीचं क्लीनर, गोंद, भिंतीचा रंग, हे सगळं त्याच्या बाहेर. आणि युरोपाबाहेर प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा. दुखणं चेहऱ्यावर दिसतं म्हणून आपण चेहऱ्याच्याच बाटल्या तपासत बसतो, ताईच्या घरात अर्धा माल सिंकखाली होता.

घर बाटली बाटली करून

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघींनी घरातली प्रत्येक बाटली टेबलावर मांडली. अक्षर इतकं बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं. एमआय त्याच नावाने लिहिलेलं असतं, कधी २-मिथाइल-४-आयसोथायाझोलिन-३-ओन असं लांबलचक, कधी एमआयटी. नाव कसंही लिहिलं तरी सीएएस नंबर, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, एकच, २६८२-२०-४. क्लोरो भावंडाचा २६१७२-५५-४. हे दोन नंबर ताईने मोबाइलमध्ये ठेवलेत, नाव वाचून गोंधळ झाला की नंबर जुळवते.

सापडलं ते असं. ताईचा हर्बल शॅम्पू, हो. हँडवॉश, हो. पर्समधले वाइप्स, हो. चेहऱ्याची क्रीम, नाही. भावोजींचा हेअर जेल, हो, आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नवऱ्याच्या केसांना लावलेलं उशीला लागतं, उशीचं बायकोच्या गालाला आणि पापणीला, त्यामुळे पेशंटच्या बाटल्या तपासून भागत नाही, घरातल्या सगळ्यांच्या तपासाव्या लागतात. भाचीच्या घरी बनवलेल्या स्लाइमचा गोंद, बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही. पांढऱ्या गोंदात आयसोथायाझोलिनोन असू शकतं आणि स्लाइमने मुलांच्या हातांना त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तो सरळ बाहेर ठेवला. ताई तो स्लाइम मळून द्यायची मुलीला.

सगळ्यात अडलो ते भांड्यांच्या आणि कपड्यांच्या लिक्विडवर, कारण त्यावर 'प्रिझर्व्हेटिव्ह' एवढाच शब्द किंवा तोही नाही. युरोपात डिटर्जंटमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह कितीही कमी असो, नाव लिहावंच लागतं, सगळीकडे तसं नाही. मला याचा खरंच राग येतो. एखादी वस्तू रोज हाताला लागते, तिच्यात काय आहे हे विकत घेणाऱ्याला कळायला नको? ताईने कंपन्यांच्या ग्राहक सेवेला लिहिलं. पहिल्यांदा तिने विचारलं की तुमचं प्रॉडक्ट सेन्सिटिव्ह स्किनला चालेल का, त्यावर गोड गोड उत्तर आलं ज्यात काहीच नव्हतं. मग डॉक्टरांनी सांगितलं तसं विचारलं, सीएएस नंबर देऊन, हे दोन पदार्थ यात आहेत की नाहीत, हो किंवा नाही. एका कंपनीने दोन्ही आहेत असं स्पष्ट कळवलं, दुसरीने उत्तरच दिलं नाही, ती वस्तू घरातून गेली.

या सगळ्यात एक गोष्ट फार कामाची निघाली. एमआय घालतात ते पाण्यामुळे. जिथे पाणी नाही तिथे त्याची गरज जवळजवळ नसते. म्हणून कपड्यांना लिक्विडऐवजी पावडर, हाताला हँडवॉशऐवजी बिनवासाची वडी, भांड्यांना वडी, अंगाला लोशनऐवजी साधी पेट्रोलियम जेली. जेलीत पाणी नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, वास नाही, चिकट आहे खरी पण ताईच्या भेगा भरल्या त्या तिच्यानेच. वडी आणि पावडरमध्ये वास असू शकतो तेवढं वेगळं बघावं लागतं. पण लेबलवर काहीच लिहिलेलं नसताना निदान कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरवता येतं.

भांडी घासताना हातमोजे, पण रबराच्या मोज्यांतल्या काही रसायनांचीही ॲलर्जी होते म्हणून तिने व्हिनाइलचे घेतले, आत सुती अस्तर, आणि आत घाम साठू नये म्हणून मधेमधे काढायचे.

बरं होताना

पापण्या पहिल्या काही आठवड्यांतच निवळल्या, स्टेरॉइडशिवाय. मान त्यानंतर. हातांनी मात्र फार वेळ घेतला, वरून बरे दिसायला लागले तरी आतला थर भरायला महिने लागतात आणि या काळात माणूस हमखास मोजे सोडून देतो, ताईनेही दिले आणि बोटं परत फुटली, मग परत मोजे.

नवी वस्तू घ्यायची तर आता पद्धत ठरलेली. आधी यादी वाचायची. मग अंगावर राहणारी वस्तू असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडा ते दोन आठवडे, रोज त्याच जागी लावायची, मधे लाल झालं किंवा खाजलं तर बंद. एकदा लावून उद्या बघितलं याला काही अर्थ नाही, उशिरा येणारी ॲलर्जी एका दिवसात कळत नाही. शॅम्पू-साबण असे ठेवायचे नाहीत, ते धुवायच्याच वस्तू, ठेवले तर कुणाचीही कातडी चुरचुरेल. आणि एका वेळी एकच नवी वस्तू.

घरातलं सामान आता पहिल्यापेक्षा कमी आहे, पण ती घाबरून काही टाळत नाही. पॅराबेन असलेली क्रीम ती आनंदाने वापरते, मैत्रिणींना धक्का बसतो.

रंगाचा प्रसंग

सगळं ठीक चालू असताना एका सोमवारी तिचा चेहरा परत सुजला, या वेळी नाक-कपाळासकट सगळाच, आणि घसाही खवखवत होता. नवीन काहीच वापरलं नव्हतं. ऑफिसचा मजला शनिवार-रविवारी रंगवला होता. पाण्यावर आधारलेल्या भिंतीच्या रंगात एमआय बहुतेक असतंच आणि ते वाळताना हवेत सुटतं, पहिले काही दिवस सगळ्यात जास्त, पण थोडं थोडं कित्येक आठवडे. ज्याला तीन प्लस ॲलर्जी आहे त्याला भिंतीला हात लावायची गरज नाही, त्या खोलीत बसणं पुरतं. 'वास कमी' किंवा 'लो व्हीओसी' लिहिलेल्या रंगाने हा प्रश्न सुटत नाही, व्हीओसी म्हणजे रंगातून उडून जाणारी सॉल्व्हंटसारखी द्रव्यं, तो आकडा प्रिझर्व्हेटिव्हचा नसतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिला काही आठवडे दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. ते सहज झालं नाही. आधी सुचवलं गेलं की मास्क लावा, खिडकी उघडा, आणि मग असंही की तुम्हाला रंगाचं जरा जास्तच वाटतं का. पॅच टेस्टचा कागद समोर ठेवल्यावर बोलणं थांबलं. म्हणून सांगते, चाचणी झाली असेल तर रिपोर्ट जपून ठेवा, पदार्थाच्या नावासकट. मला रंगाची ॲलर्जी आहे म्हटलं की लोक भुवया उचलतात, या पदार्थाची आहे, हा रिपोर्ट, म्हटलं की जागा बदलून मिळते.

डोकेदुखीचं वेगळं

एक धागा राहिला. ताईला परफ्यूमच्या वासाने डोकं दुखायचं, मळमळायचं, आणि तिची पक्की समजूत होती की हे सगळं एकाच दुखण्याचं. एमआय गेल्यावर कातडी सुधारली पण डोकेदुखी तशीच. वेगवेगळ्या रसायनांच्या थोड्याशा वासानेही अनेक तऱ्हेचा त्रास होतो अशा लोकांसाठी १९८७ मध्ये मार्क कलेन यांनी 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी'ची व्याख्या मांडली, पुढे १९९६ च्या जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित बैठकीत त्याला कारण गृहीत न धरणारं दुसरं नाव सुचवलं गेलं. कुठे खरी वस्तू आहे आणि कुठे नाही हे न सांगता केलेल्या चाचण्यांत अशा लोकांना फरक सहसा ओळखता आलेला नाही, पण त्रास होतो हे खरंच असतं आणि त्याची थट्टा करणाऱ्यांचा मला संताप येतो. ताईच्या बाबतीत न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्यावर ते मायग्रेन निघालं, वासाने मायग्रेन उठणं अगदी नेहमीचं आहे. त्याचे उपचार वेगळे, ते सुरू झाले आणि बरंच कमी झालं. दोन्हीला एकच कारण मानून बसलो असतो तर दुसरं तसंच राहिलं असतं.

आज

ॲलर्जी गेलेली नाही आणि जाणार नाही, त्या टी पेशींची आठवण बहुतेक जन्मभराची असते, वस्तू टाळली की त्रास नाही एवढंच. सोनोग्राफीला गेली की जेलचं विचारते कारण त्यात एमआय असू शकतं, बाहेरगावी स्वतःची वडी नेते, पार्लरमध्ये स्वतःचा शॅम्पू. बाटली संपली की नवी घेताना यादी परत वाचते, तीच कंपनी तेच नाव असलं तरी. भावोजींचा जेल बदललाय.

फ्रॅग्रन्स मिक्सच्या त्या एक प्लसचा निर्णय अजून व्हायचाय. ते मिक्स म्हणजे युजेनॉल, जिरॅनिऑल, सिनामाल, ओकमॉस वगैरे आठ पदार्थ एकत्र, आणि हलकं पॉझिटिव्ह कधीकधी नुसत्या चुरचुरण्याचंही असतं. डॉक्टरांनी आठही वेगळे तपासायचं ठरवलंय. तोपर्यंत ताई वासाच्या वस्तू टाळतेय. लव्हेंडरचं तेल मात्र फ्रॅग्रन्स मिक्सचा निकाल काहीही लागला तरी परत आणायचं नाही असं तिने ठरवलंय, आणि तिची जुनी वही डॉक्टरांनी मागून घेतलीय, या वेळी त्रासाच्या तारखेपासून तीन दिवस मागे जाऊन वाचायला.